फरक

सावद्याच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानावरची खोली.
मे महिन्यात कूलरही झळाच सोडतो,
आणि माझ्यासमोर लीलाधर फिरके यांची एकच फाइल,
नऊ हजार चारशे ओळींची.
अकरा वर्षं हिनंच सांगितला रोजचा केळीभाव
काट्यांना, ट्रकवाल्यांना, बांधावर फोन धरून बसलेल्यांना:
नवतीला इतका, पिलबागेला इतका, वापसीला इतका,
आणि वर फरक.

फिरके कुठल्या फ्रेमवर्कला विचारायला गेले नाहीत.
दार स्वतः बसवलं, कडी स्वतः ठोकली,
आलेली विनंती अक्षर अक्षर सोलून काढली.
मध्येच एक टीप, इंग्रजी अक्षरांत आपली बोली:
अठी हात नको लावू रे भो.

मला तर हात लावण्याचाच पगार आहे.
संघाचा ठराव झाला: सगळं प्रमाण चौकटीत आणा,
उद्या कोणीही आलं तरी त्याला वाचता यावं.
खरं तर आधी मलाच.
चौकट चांगली आहे. दारात नाव विचारते, मग काम,
कागद पुरे नसतील तर परत पाठवते.
तिला राग नाही. लळाही नाही.

पहिल्या रात्री जुनं नि नवं शेजारी चालवलं,
एकच प्रश्न दोघांना, उत्तरं ताडून बघितली.
निंभोऱ्याचा काटा तारीख उलटी पाठवतो.
नवं म्हणालं, चारशे, विनंती सदोष.
जुनं काही बोललं नाही, भाव देऊन मोकळं.
चिनावलचे मुनीम नवतीला नवटी लिहितात,
फक्त शनिवारी, मोठे मुनीम सुटीवर असले की.
जुन्याला शनिवारही ठाऊक होता.
दोनशे सदतीस ठिकाणी चौकटीनं हात वर केले,
आणि खोदत गेले तसतशी प्रत्येक ठिकाणी
एक ओळ निघाली, कोणा एकाच्या मापानं बेतलेली.
ती सगळी माणसं मी वहीत उतरवली
आणि एकेकाला नव्या दारानं आत घेतलं.

राहिला फरक.
तो जुळायचा, पण घडाचं सरासरी वजन
बरोब्बर सोळा किलो भरलं की क्विंटलमागे एक रुपया जास्त.
सोळालाच. साडेसोळाला नाही.
तीन दिवस मी त्या रुपयामागे.
बाजारात विचारलं तर कारणं काय कमी?
कोणी म्हणे दांड्याची सूट, कोणी म्हणे जुनी रीत,
एकानं तर त्यात आपल्या आजोबांचं नाव घातलं.

शेवटी फिरक्यांनाच फोन लावला.
भुसावळला असतात, मुलीकडे, गुडघे बदलून घेतलेत.
ओळ वाचून दाखवली. पलीकडे कुकरची शिटी,
मग हसणं.
"ती चूक आहे माझी, कल्पिता.
वरच्या पायरीलाही बरोबरचं चिन्ह, खालच्या पायरीलाही.
सोळा दोनदा मोजला जातो.
दुसऱ्या वर्षी ध्यानात आलं, तोवर
सगळ्यांच्या वह्या त्याच्यावर जुळल्या होत्या.
कोणाकोणाची वही फिरवणार?"

नव्या चौकटीत तो नियम लिहिला,
तीन ओळी, वेगळ्या खणात.
त्याची चाचणी लिहिली. चाचणीला नाव द्यावं लागतं.
दिलं: सोळाची चूक तशीच ठेवणे.
हिरवी झाली.

फोन ठेवताना विचारलं होतं, आता जुनं बंद करू?
म्हणाले, "घड उतरवला की खोड लगेच आडवं करतो का आपण?
अर्धं उभं ठेवतो. पील पितं त्यातलं,
मग वाळतं आपलं आपण."

म्हणून जुना सर्व्हर चालू आहे अजून,
कोपऱ्यात, एका पंख्यावर, धूळ खात.
त्याला कोणी काही विचारत नाही.
फक्त परवा पहाटे नोंदवहीत एक विनंती दिसली,
भुसावळहून आलेली,
तारखेची जागा रिकामी, गावाची जागा रिकामी,
आणि खाली त्यानं दिलेलं उत्तर:
नवती, पिलबाग, वापसी,
वर फरक.